लाभ म्हणजे एक

निवृत्त सर्जनला लिहायला सांगितलं की तो आपल्या यशस्वी ऑपरेशनांची वरात काढतो. माझ्याही पोतडीत तसली चार-सहा आहेत. ती मी पंगतीत बसून इतक्यांदा सांगितली आहेत की माझी बायको आता पहिल्या वाक्यालाच भाजी वाढायला उठते. इथे मात्र मला एका चुकीबद्दल लिहायचं आहे. चूक माझी आहे, आणि ती एका शब्दापाशी घडली.

मी पुण्यात वाढलेला. नव्वदीच्या दशकाच्या मध्याला, शिक्षण संपल्या संपल्या, कयाधू नदीच्या बाजूच्या एका धर्मादाय रुग्णालयात रुजू झालो. हिंगोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता; सगळा कारभार परभणीहून चाले. वीस खाटा, एक ऑपरेशन थिएटर, एक जनरेटर आणि त्या जनरेटरला शिव्या देणारा एक वॉचमन, एवढा आमचा पसारा. भूल देणारे डॉक्टर हिंगोलीहून आठवड्यात दोन दिवस यायचे. रक्तपेढी जवळपास नव्हती. ते रुग्णालय आता बंद पडलं आहे, म्हणून त्याचं नाव घेत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सर्जन म्हणजे कापणारा. कापायला फारशी अक्कल लागत नाही. खरी परीक्षा नंतरच्या दिवसांत असते. पोट उघडलं की आतडी रुसतात, त्यांची हालचाल थांबते. ती पुन्हा सुरू झाली की रुग्णाला वारा सरतो, आणि तोवर तोंडात पाण्याचा थेंबही द्यायचा नसतो. म्हणून जगातला कुठलाही सर्जन सकाळी राउंडला आला की आधी हेच विचारतो.

गोरेगावचे एक आजोबा अल्सर फुटून आमच्याकडे आले होते. ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "आजोबा, वारा सरला का?" त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि खिन्नपणे म्हणाले, "न्हाई साहेब." चौथ्या दिवशी तेच, पाचव्या दिवशी तेच. पोट तर मऊ होतं. मी काळजीत पडलो, एक्स-रे काढायला निघालो. तेव्हा मारोतीमामांनी पुढे होऊन आजोबांच्या कानाशी मोठ्याने विचारलं, "बाबा, पादले का न्हाई?"

"ते तं परवापासून चालूच हाय की," आजोबा म्हणाले. "पन साहेब वाऱ्याचं इचारून राहिले. वारं पडलंय. ज्वारी खळ्यावर पडून हाय, उफनायची कशी?"

आजोबांना मी दोन दिवस फुकट उपाशी ठेवलं होतं. सगळा वॉर्ड हसला, मीही हसलो. त्या हसण्यातून मी काही शिकायला हवं होतं.

हे मारोतीमामा आमच्या थिएटरचे सेवक. पन्नाशीचे, काटक, कानात भिकबाळीचं भोक पण भिकबाळी नाही. इथे येण्याआधी पंचवीस वर्षं ते जवळा बाजारच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापारी होते. शेतकऱ्याचं धान्य पायलीने मोजून द्यायचं, हे मापाऱ्याचं काम. पुढे वजनकाटे आले, पायल्या गेल्या, आणि मामा आमच्याकडे आले. मोजण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही. लाभ, दोन, तीन, चार असं मोजतो. धान्य घरात येताना पहिला शब्द लाभाचा असावा, अशी त्यामागची समजूत. मराठी मुलखात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पुण्यात किराणा दुकानातून पिशवीत धान्य आणणाऱ्या आमच्या घरात ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता थिएटरमधलं मोजणं सांगतो. पोटात रक्त टिपायला आम्ही मॉप वापरतो. म्हणजे मोठ्या हातरुमालाएवढे, चार पदरी शिवलेले सुती तुकडे, कोपऱ्याला नाडी. नाडीला चिमटा लावून ती जखमेबाहेर लोंबती ठेवायची, म्हणजे तुकडा आत हरवत नाही. पोट बंद करण्याआधी सगळे मॉप मोजायचे. सिस्टर टेबलावरचे मोजणार, मामा खाली पातेल्यात टाकलेले भिजके मोजणार. दोन्ही आकडे जुळले की सिस्टर म्हणायच्या, "बराबर." तो शब्द कानावर आल्याशिवाय मी टाका घालत नसे. मामांचं मोजणं थेट माझ्यापर्यंत कधी आलंच नव्हतं. मध्ये सिस्टर होत्या.

मला रुजू होऊन तिसरा महिना लागला होता. बाजाराचा दिवस, म्हणजे भूल देणारे डॉक्टर येण्याचाही दिवस; दुपारची वेळ. औंढ्याच्या बाजूच्या एका तांड्यावरून जमनाबाईला जीपमध्ये आडवी घालून आणलं. वय पंचविशीचं. कापसाने भरलेल्या गाडीवर बसून बाजाराला येताना ती खाली पडली होती आणि चाक डाव्या बरगड्यांना घासून गेलं होतं. नवरा थावरा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, त्याच्या खांद्याला वर्षाचं लेकरू. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता आणि नाडी हाताला लागत नव्हती. पोटात सुई घालून पाहिलं तर रक्त. पानथरी, म्हणजे प्लीहा, फुटली होती.

सलाईन लावायला हात धरला तर मनगटापासून दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. सिस्टरनी कात्री उचलली. अर्धवट शुद्धीतल्या त्या बाईने हात झटकन मागे ओढला. त्या बांगड्या नवरा असेपर्यंत उतरत नाहीत, हे मामांना माहीत होतं. ते म्हणाले, "साहेब, पायाला लावा की. पायात काय कमी रगत हाय?" मी घोट्यापाशी छोटा छेद घेऊन तिथली शीर उघडली. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी रक्तदाबाचा पट्टा मांडीला बांधला. पुढच्या दहा मिनिटांत आम्ही पोट उघडलं होतं.

रक्त द्यायला रक्त नव्हतं. अशा वेळी एक जुनी पद्धत कामाला येते. पोटात साचलेलं रुग्णाचंच रक्त निर्जंतुक पळीने वाटीत उपसायचं, त्यात ते गोठू नये म्हणून औषध घालायचं, जाळीदार कापडाच्या आठ पदरांतून गाळायचं आणि बाटलीत भरून पुन्हा तिच्याच शिरेत सोडायचं. आतडं फाटलेलं नसेल तरच हे चालतं. तिचं फाटलेलं नव्हतं. मोठ्या शहरातल्या माझ्या मित्रांना मी हे सांगतो तेव्हा ते तोंड वाकडं करतात. त्या दिवशी तीन बाटल्या रक्त आम्ही तिचं तिलाच परत दिलं. याचा मला आजही अभिमान आहे.

पण गाळायला हात लागले ते सिस्टरचे. त्या टेबल सोडून बाटल्यांपाशी गेल्या. मी एकीकडे पानथरी हातात धरून तिच्या शिरा बांधत होतो, दुसरीकडे मॉपवर मॉप कोंबत होतो. सगळ्या नाड्यांना चिमटे लागले नाहीत. शेवटी पानथरी निघाली, रक्त थांबलं. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "दाब पुन्हा पडतोय, आवरा लवकर." सिस्टर तिसऱ्या बाटलीत गुंतल्या होत्या. मी मान न वळवता विचारलं, "मामा, किती कमी?"

मामांनी पातेल्यातले मोजले, टेबलावरचे मोजले. मग म्हणाले, "लाभ, साहेब."

मी ऐकलं ते असं: लाभ. म्हणजे सगळं ठीक, कमी काही नाही. त्या गडबडीत हा शब्द मला शुभशकुनासारखा वाटला. मी म्हणालो, "छान," आणि टाका घातला. मामांना वाटलं, साहेबांना कळलं आहे, एक आत आहे तो काढूनच बंद करतील. ते पातेलं उचलून बाहेर गेले. बराबर हा शब्द त्या दिवशी कोणीच उच्चारला नाही, आणि तो ऐकायचा राहिला हे माझ्या लक्षातही आलं नाही.

जमनाबाई दहाव्या दिवशी आपल्या पायांनी चालत घरी गेली. थावराने जाताना माझे पाय धरले. मीही ते धरू दिले.

चार महिन्यांनी ती परत आली. अंगात बारीक ताप, अन्न जात नाही, डाव्या कुशीत नारळाएवढा गोळा. एक्स-रेत फारसं काही दिसलं नाही. चांगल्या मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा विणलेला असतो. आमचे मॉप गावचा शिंपी थानातून शिवून द्यायचा. हिंगोलीला पाठवून सोनोग्राफी केली. गाठ, आणि तिच्यामागे काळी सावली, असा रिपोर्ट. तो मी तीनदा वाचला. वैद्यकाच्या पुस्तकात पोटात विसरलेल्या कापडाला कापसावरून पडलेलं एक भारदस्त नाव आहे. परीक्षेत मी त्यावर टीप लिहून चांगले गुण मिळवले होते.

पुन्हा पोट उघडलं. आतडी एकमेकांना चिकटून गोळा झाला होता. तो सोडवता सोडवता चिमट्यात पिवळी पडलेली नाडी आली, मागोमाग सगळा तुकडा. त्याने आतड्याची भिंत खाल्ली होती. तुकड्याचं एक टोक आतड्याच्या आत शिरलं होतं. असं फार क्वचित होतं. वीतभर आतडं कापून मला दोन टोकं जोडावी लागली. सिस्टर तोंडावरच्या फडक्यामागे रडत होत्या.

कोपऱ्यातून मामांचा आवाज आला. "साहेब, म्या तं सांगितलं व्हतं."

"काय सांगितलं होतं?"

"तुमी इचारलं किती कमी. म्या म्हन्लं, लाभ."

"लाभ म्हणजे काय, मामा?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. एवढं शिकलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल, हे त्यांना खरंच वाटेना. "लाभ म्हंजे एक," ते म्हणाले.

मी हातमोजे काढून बाहेर आलो. दारात थावरा उभा होता, शेजारी ट्रस्टचे सेक्रेटरी. मी शेवटचे टाके घालत असतानाच सिस्टरनी बाहेर येऊन सेक्रेटरींच्या कानावर घातलं होतं. त्यांनी हळूच माझ्या दंडाला हात लावला आणि माझ्याऐवजी तेच म्हणाले, "गाठ होती. निघाली, नाही का डॉक्टर?" थावराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो, गाठ होती. काढली."

सेक्रेटरींवर ढकलून मला मोकळं व्हायचं नाही. तोंड माझं होतं. कोर्टाची भीती होती, तांड्यावरची माणसं येऊन दवाखाना फोडतील ही भीती होती. पण सगळ्यात मोठं कारण साधं होतं. त्याने माझे पाय धरले होते, आणि ते पाय मला खाली येऊ द्यायचे नव्हते. मला स्वतःची लाज वाटली, पण ती लाज बोलण्याइतकी मोठी नव्हती.

पाचव्या दिवशी जोड गळायला लागला. जखमेतून हिरवट पाणी, मग मळ. सर्जनला याहून वाईट दृश्य नाही. नवशिका सर्जन अशा वेळी घाईने पुन्हा पोट उघडतो आणि रुग्ण गमावतो. इथे हात आवरायचे असतात. बाहेर येणारं रोज मोजायचं, तेवढं पाणी आणि क्षार शिरेतून भरून काढायचे, जखमेभोवतीची कातडी जळू नये म्हणून झिंकची पांढरी पेस्ट लिंपायची, अंगात ताकद ठेवायची आणि वाट पाहायची. पोट फाकू नये म्हणून मी सगळ्या थरांतून जाड आधाराचे टाके घातले होते. ते तीन आठवडे तसेच ठेवायचे.

मोजायचं काम मामांनी मागून घेतलं. काचेच्या मापात पाणी घेऊन खिडकीपाशी धरायचे आणि मोजायचे. पहिल्या मापाला त्यांची जीभ अडखळायची. मग ठासून म्हणायचे, "एक." थिएटरच्या भिंतीवर मी फळा लावला, त्यावर आकडे खडूने लिहिले जाऊ लागले, आणि दोघांनी मोठ्याने मोजल्याशिवाय टाका नाही, असा नियम केला. हे सगळं मी केलं. एकच गोष्ट केली नाही.

रोज राउंडला जमनाबाई विचारायची, "साहेब, गाठ कशाची व्हती?" मी म्हणायचो, "साधी होती. तू त्याचा विचार करू नको." ती मान हलवायची. सिस्टर पट्टी बदलत राहायच्या. मामा खिडकीपाशी माप धरून उभे असायचे. दिवसाला दोन वाट्या येणारं पाणी पंधराव्या दिवशी चार चमच्यांवर आलं, अठराव्या दिवशी थांबलं. ती पेज प्यायला लागली. लेकरू तिच्या खाटेवर खेळायला लागलं.

एकविसाव्या दिवशी आधाराचे टाके काढायचे होते. मी वॉर्डाकडे निघालो तर व्हरांड्यात थावराने गाठलं. हातातली टोपी चुरगाळत म्हणाला, "साहेब, एक इचारू का? खरं सांगा. तिचे किती दिस राहिले?"

"किती दिवस म्हणजे?"

"गाठ म्हंजे कॅन्सर असतो म्हनत्यात तांड्यावर. मी तिच्या भावाकडं जाऊन आलो. लेकराला तो सांभाळतो म्हन्ला. तिला न्हाई सांगितलं म्या. तिला तकलीफ कशाला?"

हा माणूस तीन आठवडे आपल्या जिवंत बायकोचं दुःख करत होता, आणि ते मी त्याला दिलं होतं. मी त्याला घेऊन आत गेलो, खाटेपाशी स्टूल ओढून बसलो आणि एकेक करून सांगितलं. पहिल्या ऑपरेशनला तुकडा आत राहिला. तो मी विसरलो. गाठ कधी नव्हतीच. आतडं कापावं लागलं ते त्या तुकड्यामुळे, आणि हे तीन आठवडे तिने जे सोसलं ते माझ्यामुळे. मामांचं नाव मी घेतलं नाही.

थावराला कळायला वेळ लागला. कळल्यावर त्याने एवढंच विचारलं, "म्हंजे कॅन्सर न्हाई?" मी नाही म्हणालो. त्याने लेकराला उचललं, आईच्या कुशीत दिलं आणि तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. त्याचे खांदे हलताना खिडकीतून दिसत होते.

जमनाबाई शांत होती. मी म्हणालो, "तुला राग नाही आला?"

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "मला सुद आली त्याच दिशी मामांनी सांगितलं. रडून राहिले व्हते बिचारे. म्हनले, माझ्या तोंडून लाभ निघाला. म्याच त्यांना शपत घातली, साहेबाला बोलू नगा."

पट्टीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या मामांकडे मी पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. एकवीस सकाळी मी या खाटेपाशी उभा राहून खोटं बोललो होतो, आणि ऐकणाऱ्या सगळ्यांना ते खोटं आहे हे ठाऊक होतं.

"मग तू बोलली का नाहीस? थावराला तरी सांगायचं."

"त्याला सांगितलं असतं तं त्यानं समदा तांडा आनला असता. मग माझ्या वाहत्या पोटाचं कोन पाह्यलं असतं?" ती लेकराच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. "पन म्या रोज इचारत व्हते तुमाला. रोज वाट पाहून राहिले व्हते."

मी ताटातली कात्री उचलली.

"माझं पोट तुमी दोनदा उघडलं, साहेब," ती म्हणाली. "तोंड उघडाया एकवीस दिस लागले."

मग तिने लेकराला बाजूला सरकवलं, उताणी झाली आणि टाके काढण्यासाठी पोटावरची ओढणी स्वतःच्या हाताने दूर केली.